पाटकऱ्याचा हिशेब

आमच्या भूगोलाच्या सरांनी यंदा प्रकल्पासाठी पाण्याचा विषय दिला. एखादे गाव किंवा शहर निवडायचे, तिथली आजची लोकसंख्या मांडायची, तीस वर्षांनंतरची अंदाजाने काढायची, दर माणशी रोज किती पाणी लागेल ते ठरवायचे आणि ते कोठून येणार हे लिहायचे. तक्ता साधा होता. डावीकडे मागणी, उजवीकडे पुरवठा. गुणाकार-भागाकार येणाऱ्या कोणालाही जमावा असा. मी आपले कॉलेज ज्या शहरात आहे तेच शहर घेतले. मागणीची बाजू दोन संध्याकाळी बसून भरली. पुरवठ्याच्या बाजूला धरणाचे नाव लिहायला गेलो आणि हात थांबला.

त्या धरणाच्या पोटात माझ्या आजोबांचे गाव आहे. उन्हाळ्यात पाणी ओसरले की देवळाचा चौथरा उघडा पडतो. अंगात बळ होते तोवर आजोबा दरवर्षी तो पाहायला जात. वसतिगृहात सकाळी मी ज्या नळाखाली बादली लावतो, त्याचे पाणी तिथलेच. तेव्हा या तक्त्यात मी नक्की कोणत्या बाजूला बसतो, हे मला कळेना. सरांना मी ही अडचण सांगितली. त्यांनी उत्तर दिले नाही, पण एका माणसाचे नाव सांगितले आणि त्याचे चरित्र वाचून मग तक्ता पुरा कर, असे बजावले. त्या माणसाचे नाव विल्यम मलहॉलंड. पाण्याची मागणी आणि पुरवठा यांचा मेळ घालण्यात ज्याचे सारे आयुष्य गेले, त्या माणसाची ही हकीकत आहे.

मलहॉलंडचा जन्म ११ सप्टेंबर १८५५ रोजी आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. बालपण डब्लिनमध्ये गेले. आई लहानपणीच वारली. शाळेत फारसे लक्ष नव्हते, त्यावरून वडिलांशी खटके उडत. पंधराव्या वर्षाच्या सुमारास पोरगा घर सोडून जहाजावर नोकरीला लागला. चार वर्षे समुद्रावर काढून १८७४ मध्ये तो न्यूयॉर्कला उतरला. पुढे पडेल ते काम केले. सरोवरांवरच्या बोटी, लाकूडतोड, चुलत्याचे कापडाचे दुकान असा प्रवास करीत तो भावासह कॅलिफोर्नियाला निघाला. वाटेत पनामाची संयोगभूमी ओलांडायला रेल्वे होती, पण तिच्या भाड्याइतके पैसे खिशात नव्हते. दोघे भाऊ ती वाट पायी चालून गेले. १८७७ मध्ये मलहॉलंड लॉस एंजेलिसला पोचला तेव्हा ते नऊ-दहा हजार वस्तीचे, धुळीने भरलेले गाव होते.

त्या गावाची तहान एका लहानशा नदीवर भागत होती. नदीचेही नाव लॉस एंजेलिसच. स्पॅनिश लोकांनी घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणे नदीचे पाणी पाटांनी गावात आणले जाई. मुख्य पाटाला ते लोक आई-पाट म्हणत. पाटांची राखण करणारा, गाळ काढणारा, पाळीप्रमाणे पाणी सोडणारा जो माणूस असे, तो म्हणजे आपल्याकडचा पाटकरीच. १८७८ मध्ये मलहॉलंड असा पाटकरी झाला. पाटाकाठच्या एका खोपटात तो राहू लागला. दिवसा चिखलात उभे राहून फावड्याने गवत आणि गाळ काढायचा, रात्री दिव्याच्या उजेडात गणित, भूगर्भशास्त्र आणि जलशास्त्र वाचायचे, असा त्याचा क्रम होता. अभियांत्रिकीच्या कॉलेजात तो एक दिवसही गेला नाही.

त्याच्या या दिवसांतली एक गोष्ट सांगतात. एकदा तो पाट साफ करीत असताना घोडागाडीतून एक गृहस्थ आले आणि त्यांनी त्याचे नाव व काम विचारले. कामात व्यत्यय आलेला पाहून याने त्यांना फटकारले. ते पाणी कंपनीचे अध्यक्ष होते, असे नंतर कळले, तेव्हा आपली नोकरी गेली असे समजून हा स्वतःच पगार मागायला कचेरीत गेला. तेथे त्याला पगाराऐवजी बढती मिळाली. गोष्टीत तिखटमीठ किती ते सोडून दिले तरी माणूस कसा होता हे तीत दिसते. १८८६ मध्ये तो कंपनीचा मुख्य व्यवस्थापक झाला.

१९०२ मध्ये शहराने ती खाजगी पाणी कंपनी विकत घेतली. त्या वेळी एक गंमत झाली. जमिनीखालच्या नळांचे पुरेसे नकाशे कंपनीकडे नव्हते. कोणता नळ कोणत्या रस्त्याखाली, किती जाडीचा, व्हॉल्व्ह कोठे, हे सारे मलहॉलंडच्या डोक्यात होते. त्याने ते आठवून सांगितले. खात्री करण्यासाठी काही ठिकाणी खणून पाहिले, तर नळ सांगितल्या जागी सापडले. शहराने कंपनीबरोबर हा माणूसही ठेवून घेतला. हे वाचताना मला त्याचा फार अभिमान वाटला. पुढे काय होणार हे तेव्हा मी वाचले नव्हते.

आता मागणीचा आकडा पाहू. लॉस एंजेलिस शहराची लोकसंख्या १८८० मध्ये ११,१८३ होती. १८९० मध्ये ती ५०,३९५ झाली आणि १९०० मध्ये १,०२,४७९. वीस वर्षांत नऊपट! नदी मात्र होती तेवढीच राहिली. मलहॉलंडने पहिला उपाय केला तो उधळपट्टी थांबवण्याचा. घरोघर मीटर बसवायला त्याने सुरुवात केली आणि तीन वर्षांत दर माणशी पाण्याचा खप सुमारे तिसऱ्या हिश्श्याने खाली आला. पाण्याच्या नियोजनात पुरवठा वाढवण्याआधी मागणी तपासायची असते, हा धडा त्याने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी घालून दिला. पण माणसे येतच राहिली. अवर्षणाच्या काळात, १९०४ च्या जुलै महिन्यात, असे काही दिवस आले की तलावांत जेवढे पाणी येत होते त्याहून जास्त बाहेर जात होते. आता बाहेरून पाणी आणल्याशिवाय गत्यंतर नाही, हे त्याला कळून चुकले.

ते बाहेरचे पाणी दाखवले फ्रेड ईटनने. ईटन हा मलहॉलंडचा पूर्वीचा वरिष्ठ आणि मित्र. तो शहराचा महापौरही होऊन गेला होता. १९०४ च्या सप्टेंबरात दोघे घोडागाडीने सिएरा नेवाडा पर्वताच्या पलीकडे गेले. तेथे ओवेन्स नदी होती. बर्फाच्या पाण्याने बारमाही वाहणारी ही नदी शेवटी एका खाऱ्या सरोवराला मिळत होती. त्या सरोवरातून पाणी पुढे कोठेच जात नव्हते. नदीचे खोरे लॉस एंजेलिसपेक्षा सुमारे ४,००० फूट उंच. मधले अंतर मोठे, वाळवंट आणि डोंगर आडवे, पण उतार अनुकूल. पंप न लावता पाणी शहरापर्यंत वाहत येईल, असे मलहॉलंडच्या लक्षात आले.

पण ते खोरे ओसाड नव्हते. तेथे शेतकरी होते, फळबागा होत्या, गुरांची कुरणे होती. त्या शेतकऱ्यांच्याही आधी पायूट लोक होते. त्यांनी स्वतःचे पाट काढून जमीन भिजवली होती आणि १८६३ मध्ये सैन्याने त्यांना तेथून हाकलले होते. शेतकऱ्यांसाठी केंद्र सरकारच्या पाटबंधारे खात्याची एक योजनाही विचाराधीन होती. ईटनने खोऱ्यात फिरून जमिनी आणि पाण्याचे हक्क विकत घ्यायला सुरुवात केली. तो सरकारी योजनेसाठीच घेतो आहे, अशी अनेकांची समजूत झाली आणि ती दूर करण्याची घाई कोणी केली नाही. सरकारी खात्याचा कॅलिफोर्नियातील प्रमुख अधिकारी लिपिनकॉट त्याच सुमारास शहराकडूनही सल्ल्याचे मानधन घेत होता. १९०५ च्या जुलै अखेरीस वर्तमानपत्रात बातमी फुटली, तेव्हा आपली नदी विकली गेली आहे हे खोऱ्याला समजले. पुढच्या वर्षी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शहराच्या बाजूने कौल दिला. शहरातील पुष्कळांचे हित हे खोऱ्यातील थोड्यांच्या हितापेक्षा मोठे, असा त्यांचा विचार होता. शेतकऱ्यांसाठीची योजना गुंडाळली गेली.

शहराने १९०७ मध्ये २ कोटी ३० लाख डॉलरचे कर्जरोखे मतदानाने मंजूर केले आणि १९०८ मध्ये बांधकामाला तोंड लागले. लांबी २३३ मैल, म्हणजे सुमारे ३७५ किलोमीटर. डोंगर फोडून बोगदे काढले, त्यांतला एक तर पाच मैलांचा. दऱ्या ओलांडायला प्रचंड पोलादी नळ टाकले. ते वाहून नेण्यासाठी बावन्न-बावन्न खेचरे एका गाडीला जुंपली. सिमेंटसाठी स्वतंत्र कारखाना काढला. या कामावर ४३ माणसे मेली. कधीकाळच्या पाटकऱ्याने ठरल्या खर्चात हे काम पुरे केले. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी हजारो लोकांसमोर पाणी उतारावरून खळाळत आले. मलहॉलंडने मोजून चार-पाच शब्दांत ते लोकांच्या स्वाधीन केले. लांबलचक भाषणाची त्याला कधीच आवड नव्हती.

येथपर्यंतचे चरित्र वाचून कोणालाही वाटेल की हिशेब जुळला. पण पाण्याच्या हिशेबाची एक गंमत आहे. तो कागदावर मांडून स्थिर राहत नाही. आलेले पाणी त्या वेळच्या शहराच्या गरजेपेक्षा पुष्कळ जास्त होते. ते शेजारच्या सॅन फर्नांडो खोऱ्याच्या शेतीला दिले गेले. तिथल्या जमिनी काही बड्या मंडळींनी आधीच स्वस्तात घेऊन ठेवल्या होत्या. त्यांचे भाव गगनाला भिडले. १९१५ मध्ये त्या खोऱ्याचा बहुतेक भाग शहराला जोडला गेला. ज्या वस्तीला पाणी हवे तिने शहरात सामील व्हावे, असा व्यवहार सुरू झाला. म्हणजे मागणीसाठी पुरवठा आणला आणि पुरवठ्याने नवी मागणी ओढून आणली. शहर १९२० मध्ये ५,७६,६७३ वर गेले आणि १९३० मध्ये १२,३८,०४८ वर. लॉस एंजेलिस काउंटी, म्हणजे आपल्याकडचा जिल्हा म्हणा, १९०० मध्ये १,७०,२९८ लोकसंख्येची होती. १९३० मध्ये ती २२,०८,४९२ झाली. कोणाचाही अंदाज या वेगापुढे टिकला नसता.

वीसच्या दशकाच्या सुरुवातीला पुन्हा अवर्षण आले. शहराने ओवेन्स खोऱ्यातील उरलेले पाट आणि शेते विकत घ्यायला सुरुवात केली. शेजाऱ्याने विकले की मधला एकटा शेतकरी अडचणीत येई. बागा वाळल्या, दुकाने बसली. २१ मे १९२४ रोजी संतप्त लोकांनी जलवाहिनी सुरुंगाने उडवली. नोव्हेंबरात बायका-मुलांसह लोक जलवाहिनीच्या दरवाजांवर जाऊन बसले आणि चार दिवस शहराचे पाणी त्यांनी परत वाळवंटात सोडून दिले. १९२७ पर्यंत स्फोट होत राहिले. त्या साली खोऱ्यातील बँका बुडाल्या आणि विरोधही बुडाला. बँकेचे मालक हेच विरोधाचे पुढारी होते. अफरातफरीच्या आरोपाखाली ते तुरुंगात गेले. खारे सरोवर तर केव्हाच आटत चालले होते.

या सगळ्यात मलहॉलंड आणि ईटन यांची मैत्रीही आटली. खोऱ्याच्या वरच्या अंगाला मोठ्या धरणाला योग्य अशी जागा होती, ती ईटनच्या मालकीची. तिच्यासाठी त्याने दहा लाख डॉलर मागितले. मलहॉलंडला ही किंमत अवाजवी वाटली आणि तो अडून बसला. पाण्याचा साठा करायचा तर होताच. जलवाहिनीवर सुरुंग लागत असताना तो शहराच्या जवळ असणेही आवश्यक होते. म्हणून त्याने शहराजवळच्या टेकड्यांत साठवण तलाव बांधले. त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे सॅन फ्रान्सिस्किटो दरीतील सेंट फ्रान्सिस धरण. १९२४ ते १९२६ या काळात ते बांधले गेले. आराखडा ठरल्यानंतर जास्त पाणी मावावे म्हणून उंची दोनदा वाढवली, पण त्या प्रमाणात पाया रुंद केला नाही. दरीचा पूर्वेकडचा खडक ठिसूळ, थरांचा होता. पश्चिमेकडचा खडक पाण्यात विरघळत असे. बाहेरच्या कोणा तज्ज्ञाने आराखडा तपासला नाही. मलहॉलंडच्या कामावर तपासणी बसवावी, असे कोणाच्या मनातही आले नाही. ज्याने शहराचे सगळे नळ डोक्यात ठेवले, त्याचे डोके पुरेसे आहे असे सर्वांनी धरून चालले. त्यानेही तसेच धरले.

१२ मार्च १९२८ रोजी सकाळी धरणाच्या राखणदाराला नवी गळती दिसली. तिचे पाणी गढूळ होते, म्हणून तो घाबरला. मलहॉलंड आपल्या सहकाऱ्यासह तेथे आला, दोन तास पाहिले आणि धोका नाही असे सांगून परत गेला. त्याच रात्री, बाराला तीन मिनिटे कमी असताना, धरण फुटले. राखणदार आणि त्याचा लहान मुलगा हे पहिल्या बळींत होते. पाणी दरीतून सांता क्लारा नदीत शिरले आणि ५४ मैल वाटेतले सगळे धुऊन पहाटे समुद्राला मिळाले. निदान ४३१ माणसे गेली. नक्की आकडा लागलाच नाही, कारण नदीकाठच्या मळ्यांत राहणाऱ्या मेक्सिकन मजुरांची नोंद कोठे धड नव्हती. ज्यांना जिवंतपणी कोणी मोजले नाही, ते मेल्यावरही मोजणीत आले नाहीत.

चौकशी झाली. बहात्तर वर्षांचा म्हातारा साक्षीला उभा राहिला. चूक झाली असेल तर ती माझी, दुसऱ्या कोणावर ढकलू नका, असे त्याने सांगितले. मेलेल्यांचा आपल्याला हेवा वाटतो, असेही तो बोलून गेला. पंचांनी त्याच्यावर फौजदारी गुन्हा ठेवला नाही. मात्र त्यांनी एक गोष्ट नोंदवली. माणूस कितीही मोठा असो, इतक्या मोठ्या कामाचा निर्णय त्या एकट्यावर सोडता कामा नये. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियाने धरणांच्या तपासणीचा कायदा केला. पूर्वेकडचा तो उतार म्हणजे फार पूर्वी घसरलेल्या दरडीचा भाग होता, असे कित्येक दशकांनी अभ्यासकांनी दाखवून दिले. ते ओळखणे त्या काळी अवघड होते, असेही पुष्कळजण मानतात. पण दुसऱ्या कोणाला विचारणे अवघड नव्हते.

१९२८ च्या अखेरीस मलहॉलंड निवृत्त झाला. कोलोरॅडो नदीचे पाणी आणण्याची पुढची योजनाही त्याचीच. तिची पाहणी त्याने १९२३ मध्ये सुरू केली होती आणि ते पाणी १९४१ मध्ये आले. तो शेवटची वर्षे घरात, अबोल राहिला. ईटन खंगून अंथरुणाला खिळला होता. १९३४ मध्ये त्याचे निधन होण्यापूर्वी दोघे जुने मित्र पुन्हा भेटले. २२ जुलै १९३५ रोजी मलहॉलंड वारला.

पुढचे थोडक्यात सांगतो. ओवेन्स सरोवराच्या कोरड्या तळावरून उडणारी धूळ हा अमेरिकेतील धुळीचा एक मोठा प्रश्न ठरला आणि शहराला तेथे पाणी सोडून ती दाबण्याची पाळी आली. २००६ च्या डिसेंबरात न्यायालयीन लढाईनंतर ओवेन्स नदीच्या खालच्या पात्रात पुन्हा पाणी वाहू लागले. १९८३ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून मोठ्या पाणीपुरवठा संस्थांना दर पाच वर्षांनी मागणी-पुरवठ्याचा दीर्घ मुदतीचा आराखडा करणे आणि त्यावर जाहीर सुनावणी घेणे बंधनकारक केले. आता ते आकडे एकाच्या डोक्यात राहत नाहीत. १९७० च्या दशकानंतर लॉस एंजेलिसमध्ये दहा लाख माणसे वाढली, पण शहराचा एकूण पाणीवापर वाढला नाही. मलहॉलंडने मीटर बसवून जे दाखवले होते, त्याकडे शहर फार मोठा फेरा घालून परत आले.

चरित्र वाचून झाल्यावर मी सरांकडे गेलो. मलहॉलंड वाईट माणूस होता असे मला म्हणता येईना. तो लाच खाणारा नव्हता, आळशी नव्हता, आणि चूक झाली तेव्हा पळाला नाही. त्याचे आकडेही बहुतेक बरोबर होते. फक्त ज्या खोऱ्यातून पाणी आले, त्या खोऱ्याच्या तहानेचा रकाना त्याच्या तक्त्यात नव्हता. आणि तो नाही, हे त्याला सांगणारे कोणी त्याच्या कचेरीत नव्हते. सरांनी ऐकून घेतले आणि माझा तक्ता माझ्याकडे परत दिला.

दिवाळीच्या सुट्टीत मी आजोबांच्या पुनर्वसन वस्तीवर गेलो. तेथे उन्हाळ्यात टँकर येतो. वही घेऊन मी घरे मोजली, घरातली माणसे मोजली, गुरे मोजली. आजोबा ओट्यावर बसून कोणाच्या घरी किती जण ते सांगत होते आणि मी लिहून घेत होतो. परत आल्यावर तक्त्यात मागणीच्या बाजूला, शहराच्या खाली, मी एक ओळ वाढवली. त्यामुळे बेरीज थोडी वाढली आणि पुरवठा तेवढा कमी पडू लागला. ही तूट कशी भरून काढायची याचे उत्तर अजून माझ्याजवळ नाही. सरांनी मात्र ती ओळ खोडली नाही.

(तृतीय वर्ष कला, भूगोल)